एन्झाइम सबस्ट्रेटला धरतं, मग पुढे काय? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवताना दरवर्षी हमखास येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न पालकांचे आहेत, काही सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे. क्रम सोप्याकडून अवघडाकडे असा लावलेला नाही. वेळ कमी असेल तर ‘घट्ट धरतं म्हणून वेग वाढतो का’ हा प्रश्न तेवढा वाचा. बाकीच्या निम्म्या शंकांचं मूळ तिथेच आहे.

एन्झाइम आणि सबस्ट्रेट म्हणजे नेमकं काय?

पेशीतल्या रासायनिक अभिक्रियांचा वेग वाढवणारे आणि तरीही स्वतः न संपणारे रेणू म्हणजे एन्झाइम्स, अर्थात पुस्तकातली विकरं. एन्झाइम ज्या रेणूवर काम करतं तो सबस्ट्रेट. लाळेतलं अमायलेज हे एन्झाइम, पोळीतला स्टार्च हा त्याचा सबस्ट्रेट आणि तयार होणारं माल्टोज हे उत्पादन. बहुतेक एन्झाइम्स म्हणजे शेकडो अमिनो आम्लांची घडी घातलेली लांब साखळी. एवढ्या मोठ्या रेणूत प्रत्यक्ष काम मात्र एका लहानशा खोबणीत चालतं. तिला अ‍ॅक्टिव्ह साइट म्हणतात.

सगळी एन्झाइम्स प्रथिनंच असतात ना?

नाही, बहुतेक असतात. काही आरएनए रेणूही उत्प्रेरकाचं काम करतात, त्यांना रायबोझाइम म्हणतात. या शोधासाठी टॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांना १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ‘सर्व एन्झाइम्स प्रथिने असतात’ असा पर्याय एमसीक्यूमध्ये दिसला की ‘सर्व’ या शब्दापाशी थांबा.

एन्झाइम नसतं तर ती अभिक्रिया झालीच नसती का?

झाली असती, पण आपण वाट बघायला राहिलो नसतो. न होणारी अभिक्रिया एन्झाइम घडवून आणत नाही आणि समतोल कुठे साधायचा हेही ते ठरवत नाही. ते फक्त तिथवर लवकर पोचवतं, तेही दोन्ही दिशांनी सारख्याच पटीत. परीक्षेत मुलं हे विसरतात आणि ‘एन्झाइममुळे उत्पादन जास्त मिळते’ असं लिहून येतात.

वेगाचे आकडे चक्रावून टाकणारे आहेत. प्रथिनातली अमिनो आम्लं एकमेकांना जोडणारा एक पेप्टाइड बंध साध्या पाण्यात आपोआप तुटायला शेकडो वर्षं लागतात. आपण दुपारी खाल्लेली डाळ मात्र संध्याकाळपर्यंत पचलेली असते. रक्तातलं कार्बनिक अ‍ॅनहायड्रेज स्वतःच्या एका रेणूमागे सेकंदाला सुमारे १० लाख कार्बन डायऑक्साइड रेणूंची पाण्याशी अभिक्रिया घडवतं. डीएनए-आरएनएचे घटक बनवण्याच्या वाटेवर ओएमपी डीकार्बॉक्सिलेज नावाचं एन्झाइम लागतं. त्याच्याशिवाय ती पायरी निम्मी पुरी व्हायला सुमारे ७.८ कोटी वर्षं लागतील, असा हिशेब आहे. एन्झाइम असलं की काम सेकंदाच्या लहानशा अंशात होतं.

कुलूप-किल्ली बरोबर की इंड्यूस्ड फिट? पेपरात काय लिहायचं?

प्रश्नात ज्याचं नाव दिलं असेल ते लिहा आणि मार्क घ्या. समजून घ्यायचं असेल तर पुढे वाचा.

एमिल फिशरने १८९४ मध्ये कुलूप-किल्लीची उपमा दिली : एन्झाइम हे कुलूप, त्यात नेमका बसणारा सबस्ट्रेट ही किल्ली. रचनेत अगदी थोडासा फरक असलेल्या दोन साखरांपैकी एन्झाइम एकीलाच हात लावतं आणि दुसरीकडे ढुंकूनही बघत नाही, हे त्याला प्रयोगात दिसलं होतं. त्या काळी एन्झाइम कशाचं बनलेलं असतं हेसुद्धा ठरलेलं नव्हतं. जेम्स सम्नरने युरिएजचे स्फटिक मिळवून ते प्रथिन असल्याचं दाखवलं ते १९२६ मध्ये. हे लक्षात घेतलं की फिशरची झेप किती मोठी होती ते कळतं.

तरी या चित्रात एक अडचण उरते. हेक्सोकायनेज हे एन्झाइम एटीपीवरचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवरचा, फॉस्फेट गट ग्लुकोजला जोडतं. पाण्याचा रेणू ग्लुकोजपेक्षा कितीतरी लहान, तोही त्या खोबणीत सहज मावेल, आणि पेशीत पाण्याला तोटा नाही. मग फॉस्फेट पाण्याला का जोडला जात नाही? नुसता आकार जुळण्याचा प्रश्न असता तर हेक्सोकायनेजने एटीपी फुकट उडवलं असतं. डॅनियल कॉशलंडने १९५८ मध्ये ‘इंड्यूस्ड फिट’ हे उत्तर सुचवलं, की खोबण आधीपासून तयार नसते. योग्य सबस्ट्रेट आत आल्यावर एन्झाइमची घडी बदलते आणि कामाचे गट नेमक्या जागी येतात. पुढे क्ष-किरणांनी हेक्सोकायनेजची रचना पाहिली तेव्हा ते स्पष्ट दिसलं. ग्लुकोज बसलं की एन्झाइमचे दोन भाग एकमेकांकडे झुकून मिटतात आणि पाणी बाहेर राहतं. पाण्याच्या रेणूने ही हालचाल होत नाही.

एन्झाइम सबस्ट्रेटला घट्ट धरतं म्हणून वेग वाढतो का?

नाही. नुसतं घट्ट धरून ठेवलं तर उलट काम अडेल.

सबस्ट्रेटचं उत्पादन होताना मध्ये एक अवघडलेली अवस्था येते. जुना बंध पुरता तुटलेला नसतो आणि नवा पुरता जुळलेला नसतो. ही संक्रमण अवस्था. ती सेकंदाच्या लाख कोटीव्या भागापेक्षाही कमी काळ टिकते, त्यामुळे बाटलीत भरून दाखवता येत नाही. तिथवर पोचायला लागणारी ऊर्जा म्हणजे अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी आणि अभिक्रियेचा वेग ठरतो तो या ऊर्जेवर.

आता समजा, अ‍ॅक्टिव्ह साइट मूळ सबस्ट्रेटशी शंभर टक्के जुळणारी आहे. सबस्ट्रेट तिथे आरामात बसेल, त्याची ऊर्जा आणखी खाली जाईल आणि संक्रमण अवस्था त्याला आधीपेक्षा जास्त दूर पडेल. म्हणजे कुलूप-किल्लीचं चित्र शब्दशः खरं असतं तर एन्झाइमने सबस्ट्रेटला अडकवून ठेवलं असतं. खरी अ‍ॅक्टिव्ह साइट सबस्ट्रेटशी बऱ्यापैकी जुळते, पण सगळ्यात चांगली जुळते ती संक्रमण अवस्थेशी. हा विचार लायनस पॉलिंगने १९४० च्या दशकात स्पष्ट मांडला. सबस्ट्रेट आत येतो, थोडा ताणला जातो, थोडा वाकतो, आणि जसजसा त्या अवघडलेल्या आकाराकडे सरकतो तसतसे एन्झाइमशी त्याचे बंध वाढत जातात. त्या बंधांतून मिळणारी ऊर्जा अडथळा कमी करायला खर्ची पडते. उत्पादन तयार झालं की आकार पुन्हा जुळेनासा होतो आणि ते सुटून जातं.

शिकवण्यांच्या नोट्समध्ये या मुद्द्याला एक ओळ मिळते आणि कुलूप-किल्लीच्या आकृतीला अर्धं पान. माझ्या मते हे उलट हवं.

ही नुसती कागदावरची गोष्ट नाही. २००९ मध्ये स्वाइन फ्लू पसरला तेव्हा टॅमीफ्लू हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं. त्यातल्या ओसेल्टामिविर या औषधाची रचना फ्लूच्या विषाणूच्या न्यूरॅमिनिडेज या एन्झाइमला लागणाऱ्या संक्रमण अवस्थेसारखी केलेली आहे. एन्झाइम त्याला सबस्ट्रेटपेक्षा कितीतरी घट्ट धरतं आणि अडकून बसतं.

अ‍ॅक्टिव्ह साइटमध्ये प्रत्यक्ष काय घडतं ते एकदा नीट सांगाल का?

कायमोट्रिप्सिन घेऊ. स्वादुपिंडातून येऊन लहान आतड्यात प्रथिनं कापणारं हे एन्झाइम. त्याच्या साखळीतली तीन अमिनो आम्लं लक्षात ठेवा : ५७ क्रमांकाचं हिस्टिडिन, १०२ चं अ‍ॅस्पार्टेट आणि १९५ चं सेरीन. साखळीत ती एकमेकांपासून लांब आहेत, पण घडी अशी पडते की तिघं शेजारी येतात.

आधी सबस्ट्रेट बसतो. खोबणीच्या बाजूला पाणी टाळणारा एक कप्पा आहे. त्यात फिनाइलअ‍ॅलनिन, टायरोसिन किंवा ट्रिप्टोफॅन यांची मोठी चपटी बाजूची साखळी शिरते. ती शिरली की कापायचा बंध बरोबर सेरीनसमोर येतो. हिस्टिडिन सेरीनचा हायड्रोजन ओढून घेतं, अ‍ॅस्पार्टेट हिस्टिडिनला आधार देतं. हायड्रोजन गेल्यामुळे सेरीनचा ऑक्सिजन चांगलाच आक्रमक होतो आणि पेप्टाइड बंधातल्या कार्बनवर हल्ला करतो.

त्या कार्बनला आता तीनऐवजी चार अणू जोडले गेले आणि त्याच्या ऑक्सिजनवर ऋणभार आला. ही रचना संक्रमण अवस्थेच्या अगदी जवळची. तो ऋणभारित ऑक्सिजन ज्या बाजूला सरकतो तिथे एन्झाइमचे दोन एन-एच गट हायड्रोजन बंध द्यायला तयार असतात. या जागेला ऑक्सिअ‍ॅनायन होल म्हणतात. सबस्ट्रेट साध्या स्थितीत असताना तो ऑक्सिजन तिथे नीट पोचत नाही, आकार बदलल्यावरच पोचतो. वरच्या उत्तरातलं ‘संक्रमण अवस्थेशी जुळतं’ ते हे.

पुढे बंध तुटतो, प्रथिनाचा एक तुकडा निघून जातो आणि दुसरा सेरीनला चिकटलेला राहतो. मग पाण्याचा रेणू येतो, हाच खेळ उलट्या बाजूने होतो, दुसरा तुकडाही सुटतो आणि सेरीन होतं तसं मोकळं होतं. ‘एन्झाइम अभिक्रियेत भाग घेत नाही’ असं बिनदिक्कत लिहिणाऱ्यांनी हे पुन्हा वाचावं. भाग घेतंच, फक्त शेवटी मूळ रूपात परत येतं.

एकच एन्झाइम सगळ्यांवर का चालत नाही?

वरचाच धागा पुढे नेते. ट्रिप्सिन हे कायमोट्रिप्सिनचं भावंड. घडी जवळपास तीच, तीन अमिनो आम्लंही तीच. पण ट्रिप्सिनच्या कप्प्याच्या तळाशी एक ऋणभारित अ‍ॅस्पार्टेट बसलेलं आहे. त्यामुळे तिथे धनभारित लायसिन किंवा आर्जिनिन शिरतं आणि कापण्याची जागा बदलते.

घरात बघायचं असेल तर वाशीच्या फळबाजारातून एक ताजा अननस आणा. त्याचे तुकडे जिलेटिनच्या जेलीत घाला आणि तसेच तुकडे चायना ग्रासच्या जेलीतही घाला. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं तरी पहिली जेली पातळच राहते, दुसरी मस्त जमते. जिलेटिन हे प्रथिन आणि अननसातलं ब्रोमेलेन प्रथिनं कापणारं एन्झाइम. चायना ग्रास ही समुद्री शेवाळातली शर्करा-साखळी, तिला कापायचं हत्यार ब्रोमेलेनकडे नाही. डब्यातला अननस घातला तर जिलेटिनही जमतं, कारण डबाबंद करताना तापवल्यामुळे एन्झाइमची घडी विस्कटलेली असते. पपईचा मिल्कशेक तासभर ठेवला की कडू लागतो त्यामागेही हेच. पपेन दुधातल्या प्रथिनाचे तुकडे करतं आणि त्यातले काही तुकडे कडू असतात.

एन्झाइमवाल्या कपड्यांच्या पावडरीचंही तसंच. त्यातलं प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कापणारं एन्झाइम, वरणाचा, अंड्याचा, रक्ताचा डाग फोडतं. सुती सदरा सेल्युलोजचा, त्याला प्रोटिएज काही करत नाही. पण रेशीम हे प्रथिन आहे. पैठणी त्या पावडरीत भिजवू नका.

सबस्ट्रेट वाढवत गेलं तरी एका मर्यादेनंतर वेग का वाढत नाही?

ठाणे स्टेशनच्या तिकीटखिडक्या डोळ्यांसमोर आणा. पहाटे खिडकीतला माणूस निवांत असतो. प्रवासी वाढले की तिकिटंही जास्त निघतात. नऊच्या सुमारास रांग जिन्याला जाऊन भिडली तरी मिनिटाला निघणारी तिकिटं तेवढीच राहतात, कारण खिडक्या तेवढ्याच आहेत. सगळ्या अ‍ॅक्टिव्ह साइट भरल्या की येणारा हा कमाल वेग म्हणजे व्हीमॅक्स. तो वाढवायचा तर एन्झाइम वाढवावं लागतं. आणि तिकीट न काढता खिडकीशी ‘फास्ट लोकल कितीला?’ विचारत उभा राहणारा जो इसम असतो, तो कॉम्पिटिटिव्ह इनहिबिटर, म्हणजे सबस्ट्रेटशी स्पर्धा करून त्याची जागा अडवणारा रेणू.

याचं गणित लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये बर्लिनमध्ये मांडलं. त्यांचं एन्झाइम होतं साखर फोडणारं इन्व्हर्टेज. मेंटेनबाई कॅनडातून तिथे संशोधनासाठी गेल्या होत्या.

केएम कमी असलेलं एन्झाइम चांगलं का?

निम्मा कमाल वेग गाठायला सबस्ट्रेटची जेवढी संहती (द्रावणातलं प्रमाण) लागते ती केएम. कमी केएम म्हणजे थोड्या सबस्ट्रेटवरही एन्झाइम कामाला लागतं. पण ‘चांगलं’ हे कामावर ठरतं.

हेक्सोकायनेजचा ग्लुकोजसाठी केएम साधारण ०.१ मिलिमोलर (मिलिमोलर हे संहतीचं एकक). उपाशीपोटी रक्तात ग्लुकोज सुमारे ५ मिलिमोलर असतं, लॅबच्या रिपोर्टवरचे ९० म्हणजे तेच. म्हणून मेंदूतलं हेक्सोकायनेज जेवणाआधी आणि नंतर जवळपास सारखंच, पूर्ण वेगाने चालतं. यकृतातल्या ग्लुकोकायनेजला मात्र निम्म्या वेगासाठीच ८ मिलिमोलरच्या आसपास ग्लुकोज लागतं. जेवण झालं, साखर वाढली की ते जोर धरतं, साखर उतरली की मंदावतं. यकृताने उपाशीपोटी मेंदूच्या तोंडची साखर पळवू नये याची ही सोय.

ताप आला की शरीरातली एन्झाइम्स मरतात का?

एन्झाइम जिवंत नसतं, त्यामुळे मरण्याचा प्रश्न नाही. १०२-१०३ फॅरनहाइट तापात बहुतेक एन्झाइम्सची घडी शाबूत असते. साधारण हिशेब असा, की तापमान १० अंश सेल्सियसने वाढलं तर वेग दुप्पट होतो. त्यापुढे एका टप्प्यावर घडी उलगडते, अ‍ॅक्टिव्ह साइटचे गट एकमेकांपासून दूर जातात आणि वेग धाडकन खाली येतो. आपल्या बऱ्याचशा एन्झाइम्सचं हे ५० अंशांच्या आसपास किंवा पुढे होतं. फ्रिजमध्ये घडी मोडत नाही, नुसता वेग मंदावतो. म्हणून बाहेर काढल्यावर काम पुन्हा सुरू होतं.

‘मग वज्रेश्वरीच्या गरम कुंडांत काही जगतच नसेल’ असं एका मुलाने वर्गात म्हटलं होतं. गरम झऱ्यांत राहणाऱ्या जिवाणूंची एन्झाइम्स त्या उष्णतेला टिकणारी असतात. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या झऱ्यांत सापडलेल्या थर्मस अ‍ॅक्वाटिकसचं टॅक पॉलिमरेज ९० अंशांपुढच्या तापमानातही टिकून राहतं. पीसीआर चाचणी आज एवढी सोपी झाली त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

पीएचचा संबंध काय?

अ‍ॅक्टिव्ह साइटमधल्या गटांवर योग्य विद्युतभार असला तरच काम होतं. कायमोट्रिप्सिनमधल्या हिस्टिडिनला आधीच एक जास्तीचा हायड्रोजन चिकटला असेल तर ते सेरीनचा कसा ओढणार? म्हणून पेप्सिन जठरात पीएच २ ला खूश आणि ट्रिप्सिन आतड्यात ८ ला. चिरलेलं वांगं काळं पाडणारं पॉलीफिनॉल ऑक्सिडेज लिंबाच्या पाण्यात मंदावतं, तेही याच नियमाने.

औषधं एन्झाइम अडवतात म्हणजे काय करतात?

दोन-तीन तऱ्हा आहेत. कोलेस्टेरॉलसाठीची स्टॅटिन्स ही औषधं ते बनवायला लागणाऱ्या एचएमजी-सीओए रिडक्टेजच्या अ‍ॅक्टिव्ह साइटमध्ये सबस्ट्रेटची जागा अडवतात, पण सुटूही शकतात. अ‍ॅस्पिरिनचं तसं नाही. ते सायक्लोऑक्सिजनेज या एन्झाइमच्या एका सेरीनला अ‍ॅसिटिल गट कायमचा चिकटवतं. रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेटला केंद्रक नाही, त्यामुळे ती नवं एन्झाइम बनवू शकत नाही. तिचं ७ ते १० दिवसांचं आयुष्य तशीच काढते, आणि रक्त गोठायला वेळ लागतो. ऑपरेशनआधी ‘अ‍ॅस्पिरिन घेता का?’ असं विचारतात ते यासाठी. ती बंद करायची की नाही हे मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्या.

स्पर्धेचं सगळ्यात थेट उदाहरण विषारी दारूचं. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं दगावली ती मिथेनॉलमुळे. मिथेनॉलपेक्षा घातक असतं ते यकृतातलं अल्कोहोल डीहायड्रोजनेज त्याचं जे करतं ते : आधी फॉर्मल्डिहाइड, मग फॉर्मिक आम्ल. त्याने दृष्टी जाते आणि जीवही. उपचारात फोमेपिझोल देतात, ते नसलं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली इथेनॉल. दोन्ही त्याच अ‍ॅक्टिव्ह साइटला मिथेनॉलपेक्षा जास्त पसंत पडतात. एन्झाइम त्यांच्यात गुंतून राहतं आणि मिथेनॉल हळूहळू शरीराबाहेर टाकता येतं.

कडक हापूस अढीत मऊ होतो, त्यात एन्झाइम कुठे आलं?

जागोजागी. फळातून निघणारा इथिलीन वायू हा संदेश. त्याने एन्झाइम्स तयार होतात. अमायलेज स्टार्चची साखर करतं, पॉलीगॅलॅक्टुरोनेज पेशीभित्तीतलं पेक्टिन तोडतं म्हणून फळ मऊ पडतं, हिरवं हरितद्रव्य मोडतं आणि केशरी रंग वर येतो. गवतात, बंद जागेत वायू कोंडतो, म्हणून अढी. कडक आंबा थेट फ्रिजमध्ये टाकला तर थंडीने त्याला इजा होते आणि बाहेर काढल्यावरही तो नीट पिकत नाही. आधी पिकवा, मग थंड करा. कॅल्शियम कार्बाइडने पिकवायला बंदी आहे. इथिलीन वायू ठरावीक मर्यादेत चालतो.

घरी करता येईल असा एखादा प्रयोग?

बटाटा किसा, दोन पेल्यांत घ्या, एकातला आधी उकळून थंड करा. दोन्हींत केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं थोडं ओता. कच्च्यात भसाभस फेस येतो, उकडलेल्यात जवळजवळ काही नाही. कच्च्या बटाट्यातलं कॅटॅलेज पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. फेसाजवळ धुमसती अगरबत्ती नेली तर टोक लखलखतं. लहान मुलांना एकटं करू देऊ नका.

सोसायटीत लिंबाच्या सालींचं ‘बायो-एन्झाइम’ बनवतात. त्यात खरंच एन्झाइम्स असतात का?

घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत प्रत्येक सोसायटीत हे विचारणारं कोणीतरी भेटतं. गूळ एक भाग, साली तीन भाग, पाणी दहा भाग, तीन महिने ठेवायचं. त्या काळात यीस्ट आणि जिवाणूंची एन्झाइम्स गुळाचं अल्कोहोल आणि पुढे अ‍ॅसेटिक आम्ल करतात. म्हणजे बनवण्याचं काम एन्झाइम्सचंच. पण गाळून घेतलेलं द्रावण चांगलंच आंबट असतं आणि डाग काढण्याचं बरंचसं काम त्यातलं आम्ल आणि सालींतलं तेल करतं. ओला कचरा जिरतो, नळावरचे पांढरे डाग जातात, बनवायला हरकत नाही. कडप्प्याच्या ओट्यावर आणि मार्बलवर मात्र वापरू नका, आम्लाने दगडाची चकाकी जाते. ब्लीचमध्ये तर चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महिन्यात बाटलीचं झाकण रोज सैल करून वायू सोडा, नाहीतर बाटली फुटते.